आषाढातली उचल

(वसतिगृहाच्या वार्षिक मेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून काय मिळवलंस, ते दहा मिनिटांत सांग, असं सरांनी मला सांगितलं आहे. प्रयत्न करतो.

मी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. घरी आम्ही पावरी बोलतो. मराठी मी शाळेत शिकलो आणि इंग्रजीशी खरी गाठ पुण्याला एम.ए.ला गेल्यावर पडली. पहिले चार महिने वर्गात मी नुसतं फळ्यावरचं उतरवून घ्यायचो आणि रात्री शब्दकोश घेऊन त्याचा अर्थ लावायचो.

पण खरी अडचण भाषेची नव्हती. मागणीची व्याख्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाठ केली असेल. नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे. तिच्याबरोबर पैसा हवा आणि तो खर्च करण्याची तयारी हवी. पुण्यात हे वाक्य ऐकताना मला आमच्याकडचा आषाढ आठवला. पेरणी झालेली, कणगीतली ज्वारी संपलेली आणि नवं पीक यायला तीन महिने. आठवडे बाजारात मात्र ज्वारीची पोती भरलेली असायची. आई बाजाराला जायची आणि मीठ घेऊन परत यायची. बाजाराच्या हिशेबात आमच्या घराची मागणी तेवढ्या मिठाचीच होती.

पुढे अमर्त्य सेन यांचं १९८१ सालचं दुष्काळावरचं पुस्तक वाचलं. बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसं भुकेने मेली. त्या वर्षी तिथे १९४१ पेक्षा कमी धान्य नव्हतं, असं सेन आकड्यांनी दाखवतात. धान्य होतं, ते मिळवण्याचं साधन मजुराच्या हातात उरलं नव्हतं. ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आईच्या रिकाम्या पिशवीबद्दल कुणीतरी पुस्तक लिहिलं आहे, असं वाटलं.

आषाढात पैसा देतो तो मुकादम. त्याला उचल म्हणतात. दिवाळीच्या सुमारास आमची माणसं गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माझ्या वडिलांनी ऑगस्टमध्ये वीस हजार घेतले की एप्रिलच्या हिशेबात तीस हजार कापले जायचे. याला आमच्याकडे कुणी व्याज म्हणत नाही, दीडपट म्हणतात. मी या वसतिगृहात होतो म्हणून उसाच्या फडावर गेलो नाही. माझी धाकटी बहीण जायची.

एकदा वर्गात ग्रामीण कर्जाचा विषय निघाला. कर्ज बुडण्याची जोखीम मोठी, म्हणून सावकाराचा दर मोठा, असं पुस्तक सांगत होतं. सरांनी उदाहरण मागितलं. मी फळ्यापाशी जाऊन घरचेच आकडे मांडले. आठ महिन्यांत पन्नास टक्के, म्हणजे वर्षाला पंचाहत्तर. एका मित्राने सरळ मनाने विचारलं, "मग तुझे वडील बँकेत का जात नाहीत?" मला राग आला, पण प्रश्न खरा होता. आमची जमीन वनजमीन. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळणारा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो, वारसाने मुलांकडे जातो. पण जमीन विकता येत नाही. ते संरक्षण फार मोलाचं आहे, पण बँकेपुढे तारण म्हणून ती ठेवता येत नाही. आणि घरी खायला ज्वारी नाही, या कारणासाठी बँक कर्ज देत नाही.

पुढच्या आठवड्यात सरांनी मला अमित भादुरी यांचा १९७३ सालचा एक लेख वाचायला दिला. जमीनमालकच जेव्हा सावकार असतो, तेव्हा कुळाचं उत्पन्न वाढून ते कर्जातून सुटावं असं त्याला वाटत नाही, असा त्याचा मुद्दा. मला मुकादम आठवला. माझ्या वडिलांनी उचल एकदाही बुडवली नव्हती, मग जोखीम कसली? त्याला व्याजापेक्षा हंगामाला नक्की हजर होणारे चार हात हवे होते. अलीशा संदेष्ट्याकडे आलेली विधवा आपणा सर्वांना माहीत आहे. तिचा सावकारही तिच्या दोन मुलांना न्यायला आला होता.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी वडिलांच्या उजव्या हाताला मोठी जखम झाली. उचल घेऊन झाली होती. मुकादमाचा फोन आला, "कोयता पुरा करा, मुलाला पाठवा." मी सामान बांधलं. पण मी पोचायच्या आत सोळा वर्षांची माझी बहीण आईबरोबर निघून गेली होती. जाताना तिने निरोप ठेवला होता, "दादाला परीक्षा देऊ दे." मी परीक्षा दिली. मघाशी आपण माझ्यासाठी टाळ्या वाजवल्यात, त्यातल्या निम्म्या तिच्या आहेत.

शिक्षण संपवून परत आलो तेव्हा मी वसतिगृहाच्या समितीला एकच विनंती केली. आपली देणगी नाताळात येते. तेव्हा सुगी होऊन गेलेली असते आणि ज्वारी स्वस्त असते. ती तेव्हाच घेऊन ठेवू आणि आषाढात वाटू. समितीने अकरा क्विंटल ज्वारी घेऊन दिली आणि पाड्यावर धान्य बँक सुरू झाली. अकरा घरांनी एकेक क्विंटल नेली. परतफेड सवाईने, म्हणजे सव्वा क्विंटल. दहा घरांनी ती केली, एका घराला जमलं नाही. आज कोठीत साडेबारा क्विंटल आहे.

फार मोठं काही घडलं, असं मी म्हणणार नाही. अकरापैकी नऊ घरांनी उचल घेतलीच, कारण दवाखाना आणि लग्न ज्वारीने भागत नाही. पण दोन घरांनी घेतली नाही. तीही ऊसतोडीला गेली. मात्र आधी तीन मुकादमांना मजुरीचा दर विचारून गेली. पाड्यावर असा दर विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. त्या दोन घरांतलं एक आमचं आहे.

आपल्याकडे माझं मागणं एवढंच. मुलांच्या फीसाठी आपण देता ते देत राहा. मी त्यातूनच शिकलो. त्याबरोबर त्यांच्या घरातल्या आषाढाचाही विचार करा. घरात ज्वारी असली तर वसतिगृहातल्या मुलाची जागा भरायला त्याच्या बहिणीला फडावर जावं लागणार नाही.

माझ्या बहिणीने यंदा दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. गणित तिला अवघड जातं. रात्री मी शिकवतो. शेकडेवारी मात्र तिला शिकवावी लागली नाही.