व्हरांड्यातलं बोलणं व्यासपीठावर यावं



झेब्राफिशची थोरवी मी तुम्हाला सांगायला नको. मासा तीन-चार सेंटिमीटरचा. मादी एका वेळी शंभर-दोनशे अंडी घालते, ती शरीराबाहेर वाढतात, आणि भ्रूण पारदर्शक असल्यामुळे दुसऱ्याच दिवशी धडधडणारं हृदय साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. 2013 साली याचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना या माशात किमान एक जोडीदार असल्याचं दिसलं. प्रत्येक अनुदानाच्या अर्जात आपण पहिल्या परिच्छेदात हे लिहितो. समितीच्या सदस्यांनाही एव्हाना ते पाठ झालं असेल.

मला बोलायचंय ते आपल्या ऑनलाइन परिसंवादांबद्दल. 2020 च्या टाळेबंदीत ते नाइलाजाने वाढले आणि नाइलाज सरल्यावरही टिकले. चांगलं झालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या माशाच्या त्वचेवर काम चालतं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याचं हृदय जखमेनंतर पुन्हा कसं भरून येतं याचा अभ्यास होतो. जिल्ह्याच्या गावातल्या महाविद्यालयातली एमएस्सीची मुलगी आज देशापरदेशातली अशी व्याख्यानं घरबसल्या ऐकू शकते. विमानाचं भाडं नको, व्हिसा नको, विभागप्रमुखांची सही नको.

पण परिषदेला जाणारी आमची पिढी भाषणं ऐकायला जायची आणि शिकायची मात्र व्हरांड्यातल्या चहाच्या रांगेत. ती रांग आपण पडद्यावर आणली नाही. हे नुकसान किती मोठं आहे, ते मॉर्फोलिनोच्या उदाहरणावरून बघा.

2000 साली हे तंत्र झेब्राफिशमध्ये आलं. मॉर्फोलिनो अंड्यात टोचायचा, हव्या त्या जनुकाचं प्रथिन बनणं रोखायचं, आणि दोन-तीन दिवसांत निकाल हातात. शोधनिबंधांचा पाऊस पडला. भ्रूणांची डोकी लहान राहत, मेंदूतल्या पेशी मरत. हा जनुकाचा परिणाम की टोचलेल्या रसायनाचा, ही शंका तेव्हापासूनच होती. मॉर्फोलिनोमुळे कधीकधी पी-53 हे पेशीमृत्यू घडवणारं प्रथिन विनाकारण जागं होतं आणि पेशी मरतात, हे 2007 साली छापून आलं. मग 2015 मध्ये जनुकच बिघडवलेल्या म्युटंट माशांशी ताडून पाहिल्यावर असं दिसलं, की मॉर्फोलिनोने दिसलेले सुमारे 80 टक्के दोष म्युटंट भ्रूणांत नव्हतेच. गंमत अशी, की त्याच वर्षी जर्मनीतल्या एका गटाने उलटी बाजूही दाखवली: जनुक कायमचं बिघडलं की कधीकधी दुसरी जनुकं त्याची भरपाई करतात आणि म्युटंट वरवर धडधाकट दिसतो. तेव्हा खरं कोणाचं, याचा निवाडा जनुकागणिक करावा लागतो.

आता सांगा, ही शंका आधी कोणाच्या कानावर गेली असेल? जे व्हरांड्यात उभे होते त्यांच्या. बाकीच्यांची वर्षं आणि रसायनांचे पैसे गेले. व्हरांड्यातलं बोलणं पडद्यावर आलं नाही, तर ऑनलाइन परिसंवादाने दार उघडलं खरं, पण पाहुण्याला ओसरीवरच बसवलं.

आपल्या क्षेत्राची रीत मुळात अशी नव्हती. ऑरेगॉन राज्यातल्या युजीन गावी जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी या माशाला जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणलं. 1981 चा त्यांचा शोधनिबंध आपण सगळे वाचतो. 1984 मध्ये ते अचानक गेले. सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं, मासे वाटले, कृती वाटल्या. त्यांतल्याच माँटी वेस्टरफील्ड यांचं 'द झेब्राफिश बुक' कोणालाही फुकट वाचता येतं. जगभर प्रमाण मानली जाणारी माशांची 'एबी' लाइन दुकानातून विकत घेतलेल्या माशांपासूनच तयार झाली. तेव्हा मत्स्यालयाच्या दुकानातले मासे वापरणाऱ्या आपल्या महाविद्यालयांनी लाजू नये. मासे कुठून आणले ते मात्र निबंधात स्पष्ट लिहावं.

पडद्याला जमतं आणि सभागृहाला जमत नाही, असंही काही आहे, उदाहरणार्थ अंड्यात इंजेक्शन देऊन दाखवणं. 28.5 अंश तापमानाला फलित अंड्याचं पहिलं विभाजन पाऊण तासात होतं. इंजेक्शन त्याआधी उरकायला हवं. सुईचं टोक चिमट्याने किती तोडायचं, खनिज तेलात थेंब सोडून त्याचा व्यास कसा मोजायचा, अ‍ॅगरोजच्या खाचेत अंडी कशी ओळीने लावायची, हे लिहून कळत नाही. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडा आणि करून दाखवा. चाळीस स्लाइडांच्या भाषणापेक्षा असा पाऊण तास विद्यार्थ्याला अधिक देईल.

वेळेचंही बघा. युजीनमध्ये सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. व्याख्यान, प्रश्नोत्तरं आणि गप्पा संपेस्तोवर मध्यरात्र. मासे मात्र फिशरूमचे दिवे लागले की अंडी देतात. आदल्या संध्याकाळी लावलेल्या जोड्यांमधले डिव्हायडर काढायला रात्री व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्यालाच सकाळी हजर राहायचं असतं. कधीतरी परदेशी व्याख्यात्यांनीही रात्र जागावी.

आणि फिशरूम सांभाळणाऱ्यांना आपण व्यासपीठावर कधी बोलावणार? अंडी पांढरी पडू लागली तर पाणी बिघडलंय की नर म्हातारे झालेत, हे संशोधकाआधी त्यांना कळतं.

अप्रकाशित काम उघड केलं तर दुसरं कोणी आधी छापेल, ही भीती खरी आहे. म्हणून माझी सूचना अशी: दर परिसंवादाच्या शेवटी अर्धा तास रेकॉर्डिंग बंद ठेवावं, पडद्याचे फोटो घेऊ नयेत, आणि त्या वेळात फक्त न जमलेल्या प्रयोगांवर बोलावं. सुरुवात ज्येष्ठांनी करावी. विद्यार्थ्याने आधी तोंड उघडावं ही अपेक्षा अन्यायाची आहे. आयोजक पुढच्या सत्रासाठी सारांश मागवतील, तेव्हा प्रत्येक प्रयोगशाळाप्रमुखाने आपल्या यशस्वी कामाबरोबर एका फसलेल्या प्रयोगाचा तक्ताही पाठवावा, आणि बोलायला फिशरूममधल्या एका सहकाऱ्याचं नाव सुचवावं, ही विनंती.