कस्टम रॉम आणि कर्नल: आधी मोजा, मग बोला

येरवड्यातून बोलतोय. सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "दादा, कुठला कर्नल टाकू म्हणजे बॅटरी टिकेल?" माझं उत्तर, नाव नंतर, आधी मोजायला शिका.

थोडी पार्श्वभूमी. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल असतो आणि त्याचा परवाना जीपीएल 2. त्यामुळे फोन विकणाऱ्या कंपनीला कर्नलचा सोर्स द्यावा लागतो. त्यावरच ही सगळी मंडळी काम करतात. सायनोजेनमॉड डिसेंबर 2016 मध्ये बंद पडलं आणि त्यातूनच लिनिएजओएस उभं राहिलं.

आता आमच्या गल्लीतलं उदाहरण. एक मुलगा जेवणाची डिलिव्हरी करतो. फोन पोको एफ1, म्हणजे 2018 चा. स्नॅपड्रॅगन 845, बॅटरी 4000 एमएएच. कंपनीचं अपडेट अँड्रॉइड 10 वर थांबलं, पण हार्डवेअर अजून दणकट. त्याच्यासाठी फोन संध्याकाळी बंद पडणं म्हणजे ऑर्डर गेली, त्या दिवसाची कमाई गेली. म्हणून चाचणी नीट करायची होती, आणि ती त्याच्या सुट्टीच्या दिवसांत.

पहिला नियम: एका वेळी एकच बदल. रॉम आणि कर्नल एकदम बदलले तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. बॅकअप आधी घ्या, कारण बूटलोडर अनलॉक केला की डेटा पुसला जातो. नवीन रॉम टाकल्यावर पहिले दोन दिवस आकडे धरू नका, मागे अ‍ॅप्सची बरीच कामं चालू असतात.

मग रात्रीची चाचणी. तेच सिम, तोच वायफाय, स्क्रीन बंद. समजा 8 तासांत 8 टक्के गेले. नव्या 4000 च्या बॅटरीत ते 320 एमएएच, म्हणजे सरासरी 40 मिलिअँपिअर. झोपलेल्या फोनला हे जास्तच. अशा वेळी एडीबीवरून बॅटरीस्टॅट्स काढा आणि वेकलॉक बघा, फोनला कोण झोपू देत नाही ते. बरेचदा कर्नल निर्दोष असतो, एखादं अ‍ॅपच जागं ठेवतं.

दिवसाची चाचणी एकाच रस्त्यावर करा. आम्ही येरवडा मेट्रो स्टेशनवरून वनाजपर्यंत जाऊन परत येतो. टॉवर बदलत जातात, मोडेमला काम पडतं. घरात बसून ते कळत नाही.

आता खरी गोष्ट. एक कर्नल रात्री सगळ्यात कमी खात होता. पण तीन दिवसांत फोन दोनदा आपोआप रीस्टार्ट झाला. पीस्टोअरमधला लॉग पाहिला, कर्नल पॅनिक. आम्ही तो काढला आणि रॉमसोबत आलेलाच ठेवला. चार टक्के वाचवून भर रस्त्यात मॅप बंद पडत असेल तर उपयोग काय?

शेवटचं: कॉल, व्होल्टे, जीपीएस आणि यूपीआय हे चारही तपासल्याशिवाय "स्टेबल" म्हणू नका. अनलॉक बूटलोडरवर काही बँकांची अ‍ॅप्स चालतच नाहीत. आणि बॅटरीच म्हातारी झाली असेल तर कुठलाही कर्नल तिला तरुण करत नाही, नवी बसवा.

तुमचे आकडे पाठवा, पण फोन, रॉम, कर्नल आणि तास, चारही लिहून. भेटू पुढच्या भागात!