तेल त्यांचं, घमेलं आपलं

(हर्णे बंदरावर तरुणांच्या सभेत केलेले भाषण)



मी गोदीत हमाली करतो. जहाजाच्या पोटात काय असतं ते मला ठाऊक आहे. तेल फक्त तेलाच्या जहाजात असतं, ही पहिली भूलथाप. कोळशाचं घ्या, कंटेनरचं घ्या, मोठ्या जहाजाच्या इंजिनाला शेकडो टन तेल लागतं.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबईच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं आदळली. चित्रा कंटेनरचं जहाज. तरी सुमारे ८०० टन तेल सांडलं. तिवरांची मुळं श्वास घेतात, त्यांना काळं फासलं गेलं. मासळीचा बाजार पडला. पुढच्याच वर्षी ४ ऑगस्टला राक कॅरियर बुडालं, पोटात ६०,००० टन कोळसा आणि स्वतःचं तेल घेऊन. त्याआधी मे १९९३ मध्ये मुंबई हायची तेलवाहिनी फुटली, तेल मुरुडला लागलं. रायगडातल्या मुरुडला, आपल्या दापोलीच्या नव्हे. पण समुद्र तालुका विचारून वाहत नाही.

साहेब सांगतात, फवारा मारला, तेल गेलं. गेलं कुठं? दिसेनासं होणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात उतरतं, माशांच्या वाट्याला जातं. राहिलेलं घुसळून घट्ट होतं आणि पावसाळ्यात डांबराच्या गोळ्या होऊन कोकणच्या वाळूत येतं.

१९९६ पासून देशाची आपत्ती योजना आहे, तटरक्षक दल आहे, तेल अडवायला तरंगते बांध आहेत. पण खवळलेल्या दर्यात लाट बांधावरून उडी मारते. आणि आपले दोन्ही अपघात ऐन ऑगस्टातले!

जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली. किनाऱ्यावरचं तेल माणसांनी बादल्यांनी उपसलं. त्यांची जात मी सांगत नाही. पण उद्या हर्णेला तेल लागलं तर घमेलं कुणाच्या हातात देतील, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. गटार असो, मैला असो, तेल असो, व्यवस्थेला घाण काढायची वेळ आली की आपली आठवण येते.

आता भरपाई. राकच्या प्रकरणी हरित लवादानं जहाजवाल्यांना १०० कोटींचा आदेश दिला, ऑगस्ट २०१६ मध्ये. पाच वर्षांनी! तोवर चूल कशावर पेटवायची? आणि यादीत नाव कुणाचं? बोटीचा कागद असलेल्याचं. लिलावातली मासळी डोक्यावर वाहणारी बाई, बैलगाडीवाला, खलाशी, बर्फ फोडणारा पोरगा, सुकट निवडणारी म्हातारी यांच्या नावानं कागदच नाही. ज्याचा कागद नाही त्याचं नुकसानच नाही, हा या देशाचा जुना हिशेब.

म्हणून तेल यायच्या आधीच यादी करा. वाडीवाडीत, वस्तीवस्तीत जा. कोण या बंदरावर काय काम करून जगतं, रोज किती मिळतं, ते वहीत लिवा. ग्रामपंचायतीचा शिक्का घ्या. हातमोजे, बूट, मास्क आणि लेखी मजुरी मिळाल्याबिगर तेलाला हात लावायचा नाही. ते कातडीतून, श्वासातून आत जातं.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाणी सगळ्यांचं, हे तिथं ठरलं. मग समुद्रही सगळ्यांचा. त्याच्या मासळीवर आपला हक्क आहे, त्याच्या नुकसानीच्या यादीत आपलं नावही पायजे.

वही आजच घ्या. जयभीम.