पदवीच्या उंबरठ्याशी अडलेले
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो. तसा तो आताच झाला. नव्वद टक्के मिळवणाऱ्यांचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु मला दिलेल्या वेळात मी त्यांच्याविषयी बोलणार नाही. त्यांची काळजी घेणारे आईवडील येथे बसलेले आहेत. मला बोलायचे आहे ते या मांडवात न आलेल्यांविषयी. कुणाची बारावी एका इंग्रजीपायी राहिली, कुणाची दहावीनंतर शाळाच सुटली. पदवी ही आपल्यासाठी नव्हेच, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 'आत्मवृत्ता'त आपल्या तरुणपणीची एक हकिगत सांगितली आहे. त्या काळी नोकरीसाठी आवश्यक असलेली सहावी इयत्तेची परीक्षा देण्यासाठी ते कोकणातील मुरूडहून सोबत्यांसह साताऱ्याला पायी निघाले. सह्याद्री ओलांडून शंभर मैलांहून अधिक चाल. परीक्षेला बसण्यासाठी सतरा वर्षे वयाची अट होती. समितीच्या अध्यक्षांनी या किरकोळ चणीच्या मुलाकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही, म्हणून त्यांना परत पाठवले. कर्वे खचले असतील, पण थांबले नाहीत. पुढे कोल्हापूरला जाऊन त्यांनी तीच परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. मॅट्रिक होईपर्यंत १८८१ साल उजाडले होते. १८८४ साली ते बी.ए. झाले, तेव्हा त्यांनी पंचविशी ओलांडली होती.

या प्रसंगात दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. वयाची अट असणे हा अन्याय नव्हता. चेहऱ्यावरून वय ठरवणे हा अन्याय होता. आजही पात्रतेच्या नावाखाली मुले अडतात तेव्हा अट कुठली आणि अडथळा कुठला, हे आपण कार्यकर्त्यांनी ओळखले पाहिजे. अट पूर्ण करायची असते. अडथळा दूर करायचा असतो.

पदवी प्रवेशाची मूळ अट साधी आहे. बारा वर्षांचे शालेय शिक्षण आणि बारावी किंवा तिच्याशी समकक्ष परीक्षा उत्तीर्ण. सत्तरीच्या पुढच्या मंडळींना अकरावीची मॅट्रिक आठवत असेल. कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींनंतर देशभर दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि बारावी हे विद्यापीठाचे प्रवेशद्वार झाले. कला शाखेच्या पदवीला बारावीची कोणतीही शाखा चालते. विज्ञानाला मात्र विज्ञान शाखेची बारावीच लागते, आणि ते रास्तच आहे. ज्याने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडलेले नाही, त्याला थेट पदवीच्या प्रयोगशाळेत उभे करणे म्हणजे त्याची फसवणूक करणे होय.

फसवणूक हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो, कारण त्या पापात माझाही वाटा आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी वस्तीतील एक होतकरू तरुण माझ्याकडे आला. बारावी झालेली नव्हती, घरची जबाबदारी होती. बारावीशिवाय थेट पदवी देणाऱ्या एका संस्थेची जाहिरात मी पाहिली होती. मीच त्याला तिकडे धाडले. तीन वर्षे कष्ट करून त्याने पदवी मिळवली. पुढे नोकरीसाठी कागदपत्रांची पडताळणी झाली तेव्हा बारावीचे प्रमाणपत्र मागितले गेले. ते नव्हते, म्हणून निवड यादीतून त्याचे नाव गेले. तो माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम मुक्त विद्यापीठांनाही बंधनकारक आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली अन्नमलाई विद्यापीठाच्या प्रकरणात स्पष्ट केले. मला हे आधी समजून घ्यायला हवे होते. तेव्हापासून मी आडवाट कुणालाही सुचवत नाही. आधी बारावी, मग पदवी. वय तीस असो वा चाळीस.

आणि सरळ वाट बंद नाही. एखाद्या विषयात राहिलेल्याला उत्तीर्ण विषयांतून सूट घेऊन तेवढाच विषय पुन्हा देता येतो. प्रत्येक विषयात शंभरापैकी पस्तीस गुण हवेत. एवढ्यासाठी कुणी आयुष्यभर 'बारावी नापास' म्हणून वावरावे, हे मला पटत नाही. दहावीनंतर ज्याचे शिक्षण तुटले, त्याच्यासाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा काळ लोटलेला असला की खासगी विद्यार्थी म्हणून बारावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची उच्च माध्यमिक परीक्षाही आहे. तेथे एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात.

मग घोडे अडते कुठे? बहुतेक वेळा कागदावर. सतरा नंबरच्या अर्जाला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो आणि तो पुरात वाहून गेलेला असतो किंवा घर बदलताना हरवलेला असतो. द्वितीय प्रत मिळते, पण त्यासाठी मूळ गावच्या शाळेत खेटे घालावे लागतात. रोजंदारी बुडवून तीन वेळा गावी कोण जाणार? आपल्या भगिनींची अडचण आणखी निराळी. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर राजपत्रात नाव बदलून घेण्यापासून सुरुवात. दुसऱ्या राज्यातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना त्या मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र आणि येथील विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र लागते, हे पुष्कळदा प्रवेश झाल्यावर कळते आणि मग परीक्षेच्या तोंडावर धावपळ होते. यांतील एकही गोष्ट बुद्धीची परीक्षा घेणारी नाही. ज्याच्या घरी कुणी शिकलेले नाही, त्यालाच नेमकी ती सर्वांत जड जाते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांचे उदाहरण घ्या. कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमधली. ऐन अभ्यासाच्या दिवसांत मुलगी आईवडिलांबरोबर फडावर जाते, कारण गावात तिला एकटी ठेवण्याची त्यांना भीती वाटते. तिला बुद्धी कमी पडली असे कोण म्हणेल? तिला पाच महिने सुरक्षित निवारा हवा आहे. तो सरकारी वसतिगृहात मिळेल, संस्थेत मिळेल किंवा आपल्यापैकी कुणाच्या घरी मिळेल.

आपल्या कार्यकर्त्यांना डॉक्टर हेडगेवारांचे चरित्र नव्याने सांगायला नको. तरी त्यातील एका बाजूकडे आपले लक्ष कमी जाते. 'वंदे मातरम्'च्या घोषाबद्दल नागपूरच्या शाळेतून त्यांना काढून टाकण्यात आले. यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत ते गेले, तर सरकारने तीही बंद पाडली. तेव्हा शिक्षण सोडून देण्यास याहून सबळ कारण कोणते? तरीही त्यांनी राष्ट्रीय शिक्षण परिषदेची परीक्षा दिली आणि १९१० साली कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. ही परीक्षाच मुळी समाजाने उभी केली होती. सरकारी दार बंद झालेल्या मुलांची पात्रता वाया जाऊ नये, याची व्यवस्था त्या पिढीने केली. कर्व्यांनीही तेच केले. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले तेव्हा पहिल्या वर्षी विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. शिक्षण मातृभाषेतून ठेवले; इंग्रजी हा विषय राहिला, पण इंग्रजीची भिंत काढली.

आज नवे विद्यापीठ काढायला मी सांगत नाही. आपल्या वस्तीत अठरा ते चाळीस वयाचे, दहावी झालेले पण बारावी न झालेले किती जण आहेत, हे तरी आपल्याला माहीत आहे काय? मला माहीत नव्हते. आमच्या दोन गल्ल्यांत आम्ही घरोघर गेलो तेव्हा एकोणीस नावे निघाली. त्यांतील सात जणांना परीक्षेला बसायचे आहे. त्यात एक आजी झालेल्या बाई आहेत आणि एक रिक्षाचालक आहेत, ज्यांना इंग्रजीत एकतीस गुण होते.

सतरा नंबरच्या अर्जाचे वेळापत्रक मंडळ पावसाळ्याच्या सुमारास जाहीर करते. मुदत चुकली की विलंब शुल्क भरावे लागते. मंचाच्या उजव्या हाताला टेबलावर वही ठेवली आहे. नाव, दहावी झाल्याचे वर्ष आणि शाळा सोडल्याचा दाखला आहे की नाही, एवढेच लिहायचे आहे. इंग्रजी आणि हिशेबशास्त्र शिकवू शकणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी शेवटच्या पानावर आपला दूरध्वनी क्रमांक द्यावा. पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, येथेच.