नावे दोन, औषध एक

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



मला असे उभे राहून बोलण्याची मुळीच सवय नाही. शिक्षण म्हणाल तर सातवी पास. म्हणून चिटणीसबाईंनी "या वेळी तुम्ही बोला" असे सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाईंना रातोरात इस्पितळात न्यावे लागले, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. तुम्ही डबे पोचवलेत, मुलांना सांभाळलेत. मात्र ते दुखणे कशाने ओढवले हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "सांग सगळे. लपवून कोणाचे भले होणार आहे?" म्हणून उभी राहिले आहे.

सासूबाईंचे गुडघे फार वर्षांपासून दुखतात. भाजी आणायला गेले की येताना औषधाच्या दुकानातून दुखण्यावरच्या गोळ्यांची एक पट्टी आणायची, हा माझा नेम. चिठ्ठी कोणी विचारत नसे, मीही दाखवत नसे. सकाळी त्यांची पूजा होईपर्यंत पोटात काही नसायचे, आणि पूजेला बसता यावे म्हणून त्या आधीच गोळी घेत. पुढे माझ्या नणंदेने येताना दुसऱ्या नावाच्या गोळ्या आणल्या. "ह्या चांगल्या आहेत, मला गुण आला," असे सांगून ठेवून गेली. सासूबाई ती गोळी रात्री घेऊ लागल्या. आम्हांला वाटले, सकाळची वेगळी आणि रात्रीची वेगळी. शिवाय हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी रोज चालूच होती.

दोन महिन्यांनी त्यांना चक्कर येऊ लागली. चेहरा पांढरा पडला. शौचास डांबरासारखे काळे होत होते, पण संकोचाने त्या बोलल्या नाहीत. एका रात्री न्हाणीघराच्या दारात कोसळल्या. इस्पितळात दुर्बीण घालून पाहिले तर जठरात जखम होऊन आतल्या आत रक्त वाहत होते. रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्या गोळ्या मागवल्या. दोन्ही पट्ट्या माझ्यासमोर उलट्या करून धरल्या आणि म्हणाल्या, "ठळक नाव सोडा, खालचे बारीक वाचा." आमच्या वेळी पाचवीपासून इंग्रजी होते, तेव्हा तीन वर्षांची अक्षरओळख मला आहे. एकेक अक्षर लावत वाचले. एकीवर डायक्लोफेनॅक, दुसरीवरही डायक्लोफेनॅक! नावे दोन, औषध एक. सासूबाई दिवसाकाठी एकच औषध दुप्पट घेत होत्या, तेही उपाशी पोटी आणि अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला. भगिनींनो, त्यातली निम्मी विकत आणून देणारी मीच होते. घरात मला कोणी शब्दाने बोलले नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या बाईंनी मग मला समजावून सांगितले. आपल्या जठरात आम्ल असते, आणि त्यापासून जठराला जपणारे एक अस्तरही असते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधे दुखणे कमी करतात, पण त्याचबरोबर ते अस्तरही दुबळे करतात. वय झालेल्या माणसाला, आधी जठरव्रण झालेल्याला आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्याला धोका अधिक. रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावरही ताण येतो. जेवणानंतर घेतले तर पोटात जळजळ कमी होईल, पण म्हणून ते महिनोन्‌महिने घ्यावे असे नव्हे. पाचव्या महिन्यानंतरच्या गर्भारणीने तर ही औषधे डॉक्टरांना विचारल्यावाचून मुळीच घेऊ नयेत, पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला त्यांनी अपाय होऊ शकतो.

आता आपल्या घरोघरी असणाऱ्या तापाच्या गोळीकडे वळते. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावे निराळी, पण मूळ औषध एकच, पॅरासिटामॉल. योग्य मात्रेत ते चांगले औषध आहे, आणि पोटालाही सोसते. मात्र सर्दीपडशाच्या कित्येक गोळ्यांतही तेच असते. काँबिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनच्या जोडीला ते 325 मिलिग्रॅम असते. म्हणजे तापासाठी एक, सर्दीसाठी दुसरी आणि अंगदुखीसाठी तिसरी घेतली, की एकच औषध तीन वाटांनी पोटात जाते.

निरोगी मोठ्या माणसाने दोन गोळ्यांमध्ये निदान चार ते सहा तास जाऊ द्यावेत, आणि चोवीस तासांत सर्व मिळून 4,000 मिलिग्रॅमच्या वर कधीही जाऊ नये. 500 च्या गोळ्या धरल्या तर त्या आठ होतात. ही शेवटची हद्द आहे, रोजचे माप नव्हे. अंगाने बारीक माणसाला, यकृताचा विकार असलेल्याला आणि दारू पिणाऱ्याला याहून पुष्कळ कमी लागते, ते डॉक्टरांना विचारावे. जास्त झाले तर यकृत बिघडते, आणि त्यातली वाईट गोष्ट अशी की पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते किंवा काहीच होत नाही. म्हणून चुकून जास्त गेले असे कळले तर बरे वाटत असले तरी लगेच इस्पितळ गाठावे. त्यावर उतारा आहे, आणि तो पहिल्या आठ तासांत उत्तम लागू पडतो.

लेकुरवाळ्या भगिनींनी पुढचे विशेष ध्यानात ठेवावे. मुलाची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. किलोमागे एका वेळी 10 ते 15 मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला 100 ते 150, आणि दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा. पातळ औषधाच्या बाटल्या सारख्या दिसतात, पण कोणात पाच मिलिलिटरला 120 किंवा 125 असते, तर कोणात 250. थेंबांच्या बाटलीत तर बहुधा एकाच मिलिलिटरमध्ये 100 असते. त्या थेंबांचा पाच मिलिलिटरचा चमचा भरून दिला, तर मोठ्या माणसाची अख्खी 500 ची गोळीच बाळाच्या पोटात गेली! म्हणून स्वयंपाकघरातला चमचा वापरू नये, बाटलीबरोबर आलेल्या मापानेच द्यावे. मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नये, त्याने क्वचित मेंदू आणि यकृत दोन्हींना घात होतो. निमेसुलाइड हे औषध बारा वर्षांखालील मुलांसाठी आपल्या देशात 2011 साली बंद झाले आहे, घरात जुनी बाटली असेल तर टाकून द्या. आणि तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नका, तडक डॉक्टरांकडे न्या.

पावसाळ्यात डेंग्यू येतो. ताप कसला आहे हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलवरच राहावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढण्याची भीती असते. ताप तीन दिवसांत उतरला नाही, अंगावर पुरळ उठले, हिरड्यांतून रक्त आले, पोट फार दुखू लागले, उलट्या थांबेनात, मान ताठली, श्वास लागला किंवा माणूस बरळू लागला, तर गोळीने ताप दाबत घरी बसू नये.

आणखी एक आपली खोड सांगते, रागावू नका. लोणच्याची कृती द्यावी तसे आपण एकमेकींना गोळीचे नाव देतो. नणंदेने आपल्या आईला गोळी दिली ती मायेनेच दिली. पण तिच्या वयाला सोसलेले सत्तरीच्या आईला कसे सोसावे?

मी आता एक वही केली आहे. घरात येणाऱ्या प्रत्येक गोळीचे ठळक नाव डाव्या बाजूला, आणि आतले औषध उजव्या बाजूला लिहिते. इंग्रजी अक्षरे पाहून पाहून काढते, मग शेजारी मराठीत. लेक हसते, पण आता तीच मला वाचून दाखवते. उजव्या बाजूला तेच नाव दोनदा आले की मी थांबते आणि विचारते. पट्टीतील गोळ्या तारखेच्या विरुद्ध टोकाकडून काढते, म्हणजे नाव आणि मुदत शेवटपर्यंत राहते. दुकानदार पट्टी कापून देऊ लागला तर तारखेचा तुकडाच मागते. डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर नेते.

ज्यांना अक्षरे लावणे जमत नसेल त्यांनी दर बुधवारी मंडळात यावे, आपण मिळून वाचू. सातवी शिकलेल्या बाईला जमते, तर तुम्हांला का जमू नये?

आमच्या सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. गुडघ्यांसाठी आता डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतात आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकतात. पूजा थोडी उशिरा होते, पण आधी पेजेची वाटी पोटात जाते. देवाची काही तक्रार नाही, असे त्या म्हणतात.