आत्मसंतुष्टी आणि श्रद्धेची वाढ

ख्रिस्ती परंपरेत आध्यात्मिक आत्मसंतुष्टी, म्हणजे उपासना नियमित चालू असूनही देवाकडून आणखी शिकण्याची ओढ मंदावणे, ही श्रद्धेला आतून पोखरणारी अवस्था मानली जाते. बायबलच्या नव्या करारातील ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकात आजच्या तुर्कस्तानातील सात मंडळ्यांना, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायांना, उद्देशून संदेश आहेत. त्यांपैकी लावदिकीया येथील मंडळी स्वतःला श्रीमंत आणि परिपूर्ण समजत असल्याने तिला कोमट म्हटले आहे आणि पश्चात्तापाचे आवाहन केले आहे. स्वयंपूर्णतेची ही भावना शहराच्या इतिहासाशीही जुळते: हे शहर इ. स. ६० च्या सुमारास भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि सम्राटाच्या मदतीविना पुन्हा उभे राहिले, अशी रोमन इतिहासकार टॅसिटस याची नोंद आहे.

याउलट, मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रवेशाचा जलसंस्कार, घेतल्यानंतर दोन दशके सेवा केली, तरी ते तेथेच थांबले नाहीत. १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा संघ उभारला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपूर्ण होते. ते पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्णत्वास नेले.

प्रामाणिक आत्मपरीक्षण, बायबलचे मननपूर्वक वाचन, मंडळीचा सहवास आणि गरजूंची सेवा या चार साधनांनी देवाकडून शिकण्याची ओढ जागी राहते. म्हणून प्रत्येक श्रद्धावंताने कालच्या भक्तीवर समाधान न मानता आज नव्याने शिकण्यास सिद्ध व्हावे.