मास्कमधली बारीक छिद्रे



समोर डॉक्टरमंडळी बसलेली असताना बँकेतल्या कारकुनाने, तोही कला शाखेचा पदवीधर, श्वासाच्या यंत्राविषयी बोलावे हे धाडसच आहे. परंतु बायपॅप यंत्र आता घरोघरी येऊ लागले आहे. माझ्या घरी ते आईसाठी आले. तिचे उभे आयुष्य चुलीच्या धुरात गेले. बिडीला तिने कधी हात लावला नाही, तरी फुफ्फुसे थकलीच.

आपण आत घेतो त्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो. बाहेर सोडतो त्या हवेत सुमारे ४ टक्के. म्हणजे जवळजवळ शंभर पट! मास्क घट्ट बसवला की उच्छ्वासाची काही हवा त्यातच राहते आणि पुढच्या श्वासाबरोबर पुन्हा आत जाते. धडधाकट माणूस अधिक श्वास घेऊन भरपाई करतो. थकलेल्या फुफ्फुसांना ते जमत नाही. मग सकाळी डोके दुखते, गुंगी येते, बोलणे असंबद्ध होते आणि शेवटी शुद्ध हरपते.

घरगुती बायपॅपला बहुधा एकच नळी असते. यंत्राकडून हवा आणणारी तीच. मग उच्छ्वास जाणार कुठून? त्यासाठी मास्कवर किंवा नळीच्या टोकाशी मुद्दाम बारीक छिद्रे ठेवलेली असतात. त्यांतून सतत सूं सूं करीत हवा बाहेर पडते. ती गळती नव्हे, ती वाट आहे.

हे मला कोणी सांगितले नव्हते, की सांगितले आणि मी ऐकले नाही, आता आठवत नाही. तिसऱ्या रात्री आई म्हणाली, "बाळा, ही हवा डोळ्यांना लागते, झोप येत नाही." मी कपाटातली चिकटपट्टी काढली आणि छिद्रांवर लावली. आवाज बंद. आई झोपली. मलाही समाधान वाटले.

सकाळी आई उठेना. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९३ दाखवीत होता, म्हणून मी तासभर निर्धास्त राहिलो. हलवून जागे केले तेव्हा तिने मला मामाच्या नावाने हाक मारली. रिक्षातून दवाखान्यात नेले. मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासले. कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ असावा, तो ७८ होता. तेथील नर्सबाईंनी मास्क हातात घेतला, चिकटपट्टी सोलून काढली आणि एवढेच विचारले, "दादा, हे कोणी लावलं?"

आई वाचली. पण तो ९३ चा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. आम्हा बँकवाल्यांना जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू पाहण्याची सवय. ऑक्सिमीटर फक्त ऑक्सिजनची बाजू दाखवतो, दुसरी बाजू दाखवतच नाही. वर ऑक्सिजनची नळी जोडलेली असेल, तर आकडा चांगला आणि रोगी गुंगीत, असेही होते. म्हणून अशा रोग्यांना ऑक्सिजन आपल्या मनाने वाढवायचा नसतो. डॉक्टर साधारण ८८ ते ९२ चे उद्दिष्ट ठेवतात.

छिद्रे उघडी असूनही दाब फार कमी असेल तर मास्क धुऊन निघत नाही. श्वास सोडतानाचा दाब सहसा पाण्याच्या ४ सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवीत नाहीत, तो याचसाठी. छिद्र कुठे आहे यालाही महत्त्व आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नळीऐवजी मास्कमध्येच छिद्र असताना उच्छ्वासाची हवा परत जाण्याचे प्रमाण कमी आढळले. मास्क मापाचा, आत पोकळी कमी राहील असा असावा.

बिनछिद्रांचे मास्कही मिळतात. ते दोन नळ्यांच्या किंवा वेगळी झडप असलेल्या यंत्रांसाठी. दवाखान्यातून घरी येताना तसा मास्क पिशवीत आला आणि एका नळीच्या यंत्राला तसाच जोडला, तर माझ्या चिकटपट्टीसारखेच होईल. वीज गेली, यंत्र थांबले, तर मास्क ताबडतोब काढावा. नाकातोंडावरच्या मोठ्या मास्कला अशा वेळी बाहेरची हवा घेणारी झडप असते, पण तिच्या भरवशावर रोग्याला ठेवू नये.

आईचा जुना मास्क मी आज बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर विद्यार्थ्यांनी तो उजेडासमोर धरून पाहावा. छिद्रे इतकी बारीक आहेत की सांगितल्याशिवाय दिसत नाहीत.